वहिनींनी पत्र स्वतः वाचलं

मैत्रिणींनो, आपल्या नावाचं पत्र दुसऱ्या कुणी फोडलं तर आपल्याला केवढा राग येतो! आत नुसती ख्यालीखुशाली असली तरी येतो. मग अशी कल्पना करा, की तुम्हांला आलेलं प्रत्येक पत्र, बँकेचा प्रत्येक कागद, डॉक्टरांचा प्रत्येक रिपोर्ट आधी दुसऱ्यानं वाचायचा. आणि मग त्याला सवड होईल तेव्हा, त्याला वाटेल तेवढाच, तुम्हांला सांगायचा. एक दिवस नाही, रोज.

आमच्या थोरल्या जाऊबाईंवर ही वेळ आली. काचबिंदू झाला होता, पण आम्हांला कुणालाच कळलं नाही. हा आजार चोरपावलांनी येतो. दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर हळूहळू कमी होत जाते. वहिनींचा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा, वाढताना आमटी ताटाबाहेर पडायची, आणि आम्ही हसून म्हणायचो, "वहिनींचं लक्ष कुठं असतं कुणास ठाऊक!" डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा फार उशीर झाला होता. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. पन्नाशीच्या आत वहिनींच्या डोळ्यांपुढे अंधार झाला.

घर मात्र त्यांनी सोडलं नाही. डबे कुठं, मीठ कुठं, गॅसचं बटण किती फिरवायचं, सगळं हाताला पाठ. पोळ्या आजही त्यांच्याच गोल होतात. अडायचं ते एकाच ठिकाणी. वाचायला कुणीतरी लागायचं.

एका दुपारी त्यांच्या बहिणीची ई-मेल आली, इंदूरहून. त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, नेहमीप्रमाणे बैठकीत मोठ्यानं वाचायला घेतली. सासूबाई होत्या, मी होते, शेजारच्या काकूही बसल्या होत्या. चार ओळी झाल्या आणि पुढे आलं की बहिणीच्या यजमानांची नोकरी गेली, बांगड्या गहाण ठेवल्या, 'तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.' मुलगा एकदम थांबला. खोलीत कुणीच काही बोलेना. वहिनी म्हणाल्या, "वाच रे. आता थांबून काय उपयोग?"

रात्री भांडी आवरताना त्या मला म्हणाल्या, "अगं, डोळे गेले त्याचं रडून झालं. पण माझ्यापाशी कुणी विश्वासानं काही सांगावं, ही सोयही गेली, हे आज कळलं."

हा लेख मी लिहिते आहे तो त्या वाक्यामुळे.

दुकानात काय झालं

आंधळ्या माणसाला संगणक वापरता येतो, एवढं ऐकून होतो. मी आणि पुतण्या आमच्या गावातल्या एका संगणकाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "बाईंना दिसत नाही, मग संगणक कशाला? मोबाइलवर गाणी ऐकू द्या." फारच आग्रह धरला तेव्हा त्यानं पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या एका महागड्या प्रोग्रॅमची चोरटी प्रत घालून दिली. ती बारा दिवस चालली आणि तेराव्या दिवशी मुकी झाली. वहिनी म्हणाल्या, "चोरीचा माल. त्याला कुणाच्या तोंडानं जाब विचारणार?"

मग कुणीतरी गावातल्याच एका गृहस्थांचं नाव सुचवलं. ते बँकेत नोकरी करतात आणि जन्मतः अंध आहेत. एका रविवारी ते आपली पांढरी काठी आणि खिशात पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडे आले. चहा झाल्यावर म्हणाले, "जुना लॅपटॉप आहे का घरात एखादा?" पुतण्यानं टाकून दिलेला लॅपटॉप माळ्यावर होता. तो खाली काढला, पुसला आणि तिथून आमची शाळा सुरू झाली.

पडदा बोलतो म्हणजे काय?

तुम्ही म्हणाल, ही काय जादू? जादू काही नाही. संगणकाच्या पडद्यावर जे दिसतं त्याची संगणकापाशी शब्दांत नोंद असते. ही ओळ, हे बटण, त्यावर 'पाठवा' असं लिहिलंय, ही चौकट रिकामी आहे. ही नोंद घेऊन ती माणसाला ऐकवणारा जो प्रोग्रॅम, तो 'स्क्रीन रीडर'. आपण त्याला वाचक म्हणू.

खरं तर तिघं मिळून हे काम करतात. पडद्यावरचा प्रोग्रॅम सांगतो, 'माझ्याकडे इथं एक बटण आहे.' वाचक ठरवतो, यातलं बाईंना आत्ता काय सांगायचं. आणि प्रत्यक्ष उच्चार करणारा तिसराच असतो. स्वयंपाकघरातून माजघरात आणि माजघरातून ओटीवर निरोप जावा, तसंच हे. मधल्या एकानं कुचराई केली की निरोप बिघडतो. बटण बनवणाऱ्यानं बटणाला नावच दिलं नसेल तर बिचारा वाचक नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणत राहतो.

ज्यांना ब्रेल येतं त्यांना आवाजाऐवजी बोटांनीही वाचता येतं. त्यासाठी ब्रेलची एक पट्टी संगणकाला जोडतात, तिच्यावर बारीक टोकं वर-खाली होऊन अक्षरं उमटतात. ज्यांना ऐकूही येत नाही त्यांचा सगळा आधार ही पट्टी. वहिनींना ब्रेल येत नाही, म्हणून आमचं काम कानावरच.

डब्याबरोबर पाककृतीही

गृहस्थांनी आमच्या लॅपटॉपवर 'लिनक्स' घातलं. संगणक सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत घरचा सगळा कारभार पाहणारी एक मूळ व्यवस्था असते. बहुतेकांच्या घरी ती विंडोज असते. लिनक्स ही तशीच, पण 'मुक्त' व्यवस्था आहे.

मुक्त म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते. बाजारातलं लोणचं आपण विकत आणतो. मसाला काय घातला ते विचारलं तर कुणी सांगत नाही. पण मावशी लोणच्याची बरणी देते तेव्हा बरोबर कृतीही लिहून देते आणि म्हणते, "तिखट कमी हवं तर कमी घाल, आणि शेजारणीलाही दे." मुक्त प्रोग्रॅमचं तसं आहे. तो फुकट मिळतो हा एक फायदा. पण मोठा फायदा हा की कृती सर्वांपाशी असते. करणारी थकली तरी पदार्थ बंद पडत नाही.

ही नुसती बोलायची गोष्ट नाही. वहिनी जो वाचक वापरतात त्याचं नाव 'ऑर्का'. ऑर्का हा समुद्रातला बलाढ्य शिकारी प्राणी. वाचकांना जलचरांची नावं द्यायची एक जुनी गंमत आहे. विंडोजवरचा एक प्रसिद्ध वाचक आहे 'जॉज', त्यावरून शार्क आठवतो. म्हणून मग हा ऑर्का! अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत मार्क मलकाही या अंध तंत्रज्ञानं तो सुरू केला आणि २००६ साली तो लिनक्सवरच्या 'ग्नोम' या मांडणीबरोबर सगळ्यांना मिळू लागला. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलनं विकत घेतली आणि या कामावरची माणसं कमी झाली. एरवी तिथंच संपायचं. पण कृती उघडी होती. जोनमेरी डिग्ज नावाच्या बाई आधीपासून हौसेनं ऑर्काच्या कामात होत्या. मॅसॅच्युसेट्समधल्या अंधांच्या एका संस्थेत त्या काम करीत. त्यांनी ही जबाबदारी उचलली आणि वर्षानुवर्षं सांभाळली. एका बाईच्या चिकाटीवर जगभरच्या अंध माणसांचं वाचन चालू राहिलं, हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाईच असणार!"

यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे, बरं का! टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ सालचा, पुण्यातला. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली, आणि तीही काचबिंदूनंच. भाऊ आणि इतर मंडळी त्यांना पुस्तकं वाचून दाखवीत. त्या ऐकण्यावर त्यांनी पुण्याच्या वाडिया कॉलेजात गणिताची पदवी घेतली, पुढे मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकले आणि १९९४ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विषय कोणता, तर गणिताची अवघड पुस्तकं संगणकाकडून कानाला कळतील अशी कशी वाचून घ्यायची! त्यांनी १९९५ साली 'ईमॅकस्पीक' हा मुक्त प्रोग्रॅम लोकांपुढे ठेवला. तो नुसता पडदा वाचत नाही. पडद्यामागचा अर्थ ओळखून बोलतो. कॅलेंडर असेल तर नुसता 'पंधरा' न म्हणता वार, महिना, तारीख सांगतो. लिनक्सवर काम करणारे कितीतरी अंध तंत्रज्ञ तो वापरत आले आहेत. पुढे रामन गूगलमध्ये गेले आणि मोबाइल न पाहता वापरता यावा, या कामातही त्यांचा हात लागला.

दुसऱ्यानं वाचून दाखवण्यावर शिकलेल्या मुलानं दुसऱ्यांना वाचून दाखवायची गरज पडू नये अशी सोय केली. यापेक्षा मोठी परतफेड कोणती?

पहिला महिना

आता आमची शाळा. मला सर्वांत नवल कशाचं वाटलं सांगू? गृहस्थांनी आमच्या लॅपटॉपवर नवी व्यवस्था स्वतः, कुणाच्या डोळ्यांशिवाय घातली. पेनड्राइव्हवरून सुरू करायचा अगदी पहिला पडदा तेवढा बोलत नाही; तो मी वाचून दाखवला. पुढे लॅपटॉपनं 'पीं' असा आवाज केला. त्यांनी 'एस' दाबलं, मग 'एंटर', आणि तो बोलायलाच लागला! एकेक प्रश्न विचारायचा, पर्यायांचे आकडे सांगायचा. ते आकडा दाबायचे. डेबियन नावाच्या लिनक्समध्ये ही सोय पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. आणि असं घातलं की नंतर संगणक सुरू होतो तोच बोलत. आमच्या घरात डोळस माणसं सहा. एकालाही हे काम येत नव्हतं.

एक सावधगिरी मात्र सांगते. नवी व्यवस्था घालताना लॅपटॉपमधलं जुनं सगळं पुसलं जाऊ शकतं. फोटो, हिशेब आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. नुसतं करून पाहायचं असेल तर उबुंटू नावाचं लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवता येतं, घरच्या संगणकाला हात न लावता. ते सुरू झालं की विंडोजची खूण असलेली कळ, 'ऑल्ट' आणि 'एस' या तीन कळा एकदम दाबा. ऑर्का बोलू लागेल. पुन्हा दाबल्या की गप्प.

वहिनींना पहिला धडा मिळाला तो बोटांचा. तुमच्या घरच्या कीबोर्डवर बोट फिरवून पाहा. 'एफ' आणि 'जे' या कळांवर बारीक उंचवटे लागतील. दोन्ही तर्जन्या तिथं ठेवायच्या, की बाकीच्या कळा आपोआप बोटांखाली. माउसचं काम नाही. बाण कुठं आहे ते दिसल्याशिवाय माउस काय कामाचा? सगळं कळांवर. 'टॅब'नं पुढे, 'शिफ्ट'सह 'टॅब'नं मागे, 'एंटर'नं होकार. ऑर्काला हुकूम देताना 'इन्सर्ट' ही कळ धरून ठेवायची. लॅपटॉपसाठीची मांडणी निवडली असेल तर 'कॅप्स लॉक'. ती धरून 'एच' दाबलं की सराव सुरू होतो. मग वाटेल ती कळ दाबा, ऑर्का फक्त तिचं नाव आणि काम सांगतो, काही बिघडत नाही. 'एस्केप' दाबलं की सराव संपला. वहिनी पहिले आठ दिवस नुसतं एवढंच करीत होत्या, लहान मुलीसारख्या.

आवाजाचं मात्र पहिल्यांदा आम्हांला हसूच आलं. ई-स्पीक नावाचा जो मुक्त आवाज आहे तो डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. सासूबाई म्हणाल्या, "हा मेला कोण बोलतोय?" पण त्याचा गुण हळूहळू कळला. तो कितीही भरभर बोलला तरी अक्षरं फुटत नाहीत. सुरुवातीला वहिनींनी त्याला अगदी सावकाश ठेवलं होतं. आता तो इतक्या वेगानं बोलतो की मला शब्द कळत नाही, आणि त्या शेंगा सोलता सोलता ऐकतात.

इंटरनेटवरचं पान वाचायचं तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकत बसायचं नसतं. आपण वर्तमानपत्राचे मथळे चाळतो ना? तसं 'एच' दाबत गेलं की मथळ्यामागून मथळा. 'के' दाबलं की पुढचा दुवा. वहिनींना पाककृतींची पानं आवडतात. "मेले सुरुवातीला स्वतःचं पुराण फार लावतात," म्हणत त्या 'एच' दाबत थेट 'साहित्य' गाठतात.

मराठीचं काय?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच. ई-स्पीक मराठी बोलतो. उच्चार यंत्राचा, 'च' आणि 'ज'ची आपली गोडी त्यात नाही, पण कळतं. मराठी लिहायला सरकारमान्य 'इनस्क्रिप्ट' मांडणी लिनक्समध्ये असते. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. अक्षरांच्या जागा ठरलेल्या, म्हणून न बघता लिहिणाऱ्याला ती सोयीची पडते.

खरी पंचाईत होते ती दुसरीच. आमच्या महिला मंडळाचं कार्यवृत्त आलं, ते वहिनींनी उघडलं, तर ऑर्का नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बडबडायला लागला. कारण काय, तर ते जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलं होतं. त्यात डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. युनिकोडमध्ये टाइप केलं की मराठी आतूनही मराठीच राहतं आणि वाचता येतं. मंडळाच्या चिटणीसबाईंना हे समजावून सांगितलं. त्यांनी पुढच्या महिन्यापासून युनिकोड धरला. त्यांना एका पैशाचा खर्च आला नाही.

कागदाचा नुसता फोटो असेल तर तो वाचकाला कोराच. त्यासाठी 'टेसरॅक्ट' नावाचा मुक्त प्रोग्रॅम आहे. तो चित्रातली छापील अक्षरं ओळखून मजकूर काढून देतो, मराठीसुद्धा. जोडाक्षरांत चुका करतो, हस्ताक्षरापुढे हात टेकतो, पण स्वच्छ छापलेल्या कागदाचा अर्थ लागतो.

सगळंच गोड नाही

खोटी आशा दाखवून मला तुमचा विश्वास गमवायचा नाही. एकदा लॅपटॉप टीव्हीला जोडून मुलांनी सिनेमा पाहिला. दुसऱ्या दिवशी वहिनींचा लॅपटॉप मुका. आपल्याकडे दिवे गेले तर आपण मेणबत्ती लावतो; त्यांचा आवाज गेला तर काय लावायचं? शेवटी त्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी फोनवरून कळा सांगितल्या, मी पडदा वाचला. आवाज त्या टीव्हीच्या वाटेलाच लागून राहिला होता! पाच मिनिटांचं काम, पण वहिनींची अख्खी सकाळ गेली.

आणखी एक. लिनक्सची पडदा रंगवण्याची जुनी पद्धत जाऊन 'वेलँड' नावाची नवी आली, तेव्हा ऑर्काचे काही हुकूम चालेनासे झाले. अंध वापरणाऱ्यांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. २०२३ मध्ये जर्मन सरकारच्या एका निधीनं ग्नोमच्या कामाला दहा लाख युरो दिले, त्यात अंधांच्या सोयींचंही काम होतं. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ग्नोमच्या ४८ व्या आवृत्तीत ऑर्काच्या कळांचं बरंचसं दुखणं बरं झालं. पण वहिनींचा नियम असा, की चालू असलेलं घर मोडून नव्याच्या मागे लगेच धावायचं नाही. नवी आवृत्ती आली की आधी त्या गृहस्थांना विचारायचं, मगच हात लावायचा.

काही प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतात. ज्यांना ते सोडता येत नाहीत त्यांनी 'एनव्हीडीए' हा वाचक घ्यावा. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं २००६ साली त्याची सुरुवात केली. तोही मुक्त आणि मोफत आहे. अँड्रॉइड मोबाइलमध्ये 'टॉकबॅक' असतंच, सेटिंग्जमध्ये शोधा. मुंबईकडच्या मैत्रिणींना चौकशीसाठी दोन ठिकाणं सांगते. १९५२ साली स्थापन झालेली 'नॅब', म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, आणि सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ साली सुरू झालेलं दृष्टिहीनांसाठीचं साधन केंद्र.

तुमच्या-माझ्यासारख्या डोळसांसाठी

घरात, शेजारात, नात्यात कुणी अंध असेल तर एवढं जरूर लक्षात ठेवा.

१. शिकताना मधेच हात घालू नका. "द्या इकडे, मी करून देते," हे वाक्य प्रेमाचं असतं, पण शिकणाऱ्याला ते मागे खेचतं. मी पहिल्या महिन्यात दहा वेळा असं केलं. शेवटी वहिनींनी माझ्या हातावर चापटी मारली.

२. संगणक, त्याची तार, कानाला लावायचा हेडफोन ज्या जागी असेल त्या जागीच ठेवा. साफसफाई केली तरी परत तिथंच.

३. लग्नपत्रिका, हळदीकुंकवाचं आमंत्रण, दुःखद निधनाची बातमी, सगळं आपण चित्र करून पाठवतो. अंध माणसाला त्यातलं अवाक्षर कळत नाही. चित्राखाली दोन ओळी टाइप करा. कोण, कुठं, कधी, किती वाजता, एवढं पुरे.

४. त्यांचं पत्र, पासबुक, रिपोर्ट त्यांनी सांगितल्याशिवाय वाचू नका. आणि वाचलंच तर मोठ्यानं, चारचौघांत तर मुळीच नको.

५. आणि हे सर्वांसाठी. चाळिशी उलटली की चष्म्याचा नंबर तपासताना डोळ्यांतला दाबही मोजून घ्या. आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर मुळीच चुकवू नका. वेळेवर कळला तर औषधानं उरलेली नजर बहुधा टिकवता येते. आम्ही हसण्यावारी नेलं, तुम्ही नेऊ नका.

शेवटी पत्राचं

तिसरा महिना सरत आला होता. एका संध्याकाळी लाइट गेले. घरात सगळीकडे धांदल. काडेपेटी सापडेना, मुलं ठेचकाळतायत. वहिनींच्या खोलीत मात्र कळांचा टकटक आवाज. मी चाचपडत दारापाशी गेले. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, पडद्याचा उजेड त्यांनी अगदी घालवलेला. त्यांना तो कशाला हवा? एका कानाला हेडफोन लावून काळोखात त्या लिहीत होत्या.

"वहिनी, काय करताय?"

"इंदूरला लिहितेय. आधी तिचं आलं होतं, ते वाचलं."

खरं सांगते मैत्रिणींनो, माझ्या तोंडावर प्रश्न आलाच होता. बांगड्या सुटल्या का, नोकरी लागली का, सगळं ठाऊक करून घ्यायची आपली खोड जाते थोडीच! मी विचारलंच, "काय म्हणतायत ताई?"

वहिनी हसल्या. म्हणाल्या, "ते आमचं बहिणीबहिणींचं आहे. तू जा, मेणबत्ती फ्रिजवर डाव्या हाताला आहे."

मी गेले. मेणबत्ती खरोखरच तिथं होती.